बॉल कुठे पडला हे तिला माहीतच नसतं

पत्र: मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. १७ वर्षांखालील मुलींचा व्हॉलीबॉल संघ बघतो. मुली १२, बॉल ६, संध्याकाळचा दीड तास. ओव्हरहेड फ्लोट सर्व्हिसवर (डोक्याच्या वरून मारायची, बॉल न फिरता तरंगत जाणारी) दोन महिने मेहनत घेतली. प्रत्येक सर्व्हिसनंतर चूक लगेच सांगतो: कोपर वाकलं, टॉस (मारण्याआधी वर सोडलेला बॉल) मागे गेला, मनगट सैल पडलं. सरावात दहापैकी सात-आठ सर्व्हिस आत जातात. तालुक्याच्या सामन्यात मात्र निम्म्याहून जास्त नेटमध्ये गेल्या. एक मुलगी टाइम-आउटमध्ये रडायला लागली. सर्व्हिस मारली की मुली माझ्याकडे बघतात, चेहऱ्यावरून अंदाज घेतात. हल्ली मोबाईलवर स्लो मोशनही दाखवतो, पण गोंधळ वाढलाय. सहकारी म्हणतात, तुम्ही फार बोलता. न बोलता शिकवायचं तरी कसं?

उत्तर:

सर, नमस्कार.

पत्रात तुम्ही टॉस, कोपर, मनगट यांबद्दल लिहिलंय, पण खरं दुखणं तिथे नाही. ते एका ओळीत आहे आणि ती ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘सर्व्हिस मारली की मुली माझ्याकडे बघतात.’

त्या क्षणी काय घडतं ते बघा. या वयाच्या मुलीच्या हातातून सुटलेली फ्लोट सर्व्हिस पलीकडे पडायला साधारण सव्वा ते दीड सेकंद घेते. तेवढ्या वेळात तिला चार गोष्टी फुकट कळू शकतात. बॉल तळहाताच्या खालच्या टणक भागावर बसला की बोटांवर आला, हे हाताला कळतं. नीट बसला तर आवाज कोरडा आणि आखूड येतो, बोटांवर आला तर चापट मारल्यासारखा पसरट. बॉल फिरत गेला की न फिरता तरंगत गेला, हे डोळ्यांना दिसतं. आणि तो नेटच्या किती वरून गेला, पलीकडच्या मुलीला किती पावलं हलावं लागलं, हेही दिसतं. बी.पी.एड.च्या, म्हणजे क्रीडाशिक्षकांच्या अभ्यासक्रमाच्या, पुस्तकात याला आंतरिक प्रत्याभरण म्हणतात. मैदानावर हा शब्द कुणी वापरत नाही, तरी गोष्ट खरी आहे. तुमची मुलगी नेमक्या त्याच दीड सेकंदात मान वळवते. चारही गोष्टी वाया जातात आणि त्यांच्या जागी तिला पाचवी मिळते: सरांचा चेहरा.

सामन्यात ती पाचवी गोष्ट नसते. तिथे तिच्याजवळ पहिल्या चारच असतात आणि त्या वाचायची सवय दोन महिन्यांत लागलेली नसते. पांगुळगाड्याने पोर घरभर धावतं, पण गाडा काढला की बसकण मारतं, तशातला हा प्रकार. तुम्ही सांगितलेल्या चुका बरोबरच असतील. पण तुम्ही प्रत्येक वेळी आणि लगेच सांगता, त्यामुळे ती स्वतः काही शोधतच नाही.

हे नुसतं आमचं मत नाही. कॅरोली विन्स्टाइन आणि रिचर्ड श्मिट यांनी १९९० मध्ये हाताच्या एका ठरावीक हालचालीवर प्रयोग केले. काहींना प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला. काहींना सरासरी निम्म्याच प्रयत्नांनंतर, तोही सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी कमी करत. दुसऱ्या दिवशी निकाल न सांगता परीक्षा घेतली तेव्हा निम्म्यावाले सरस ठरले. त्याच वर्षी स्टीफन स्विनेन आणि सहकाऱ्यांनी वेळेचा प्रश्न तपासला. हालचाल संपताक्षणी ज्यांना निकाल मिळाला, त्यांच्यापेक्षा काही सेकंद थांबून ज्यांना मिळाला त्यांना ती हालचाल नंतर जास्त चांगली जमली. त्या काही सेकंदांत माणूस आपलं आपण मोजत असतो, ‘जास्त झालं वाटतं’. उत्तर लगेच आलं की मोजणं बंद.

म्हणून दहापैकी सात-आठ हा तुमचा आकडा खोटा नाही, पण त्यातला काही भाग तुमचा आहे, मुलींचा नाही. खरा आकडा हवा असेल तर उद्या वॉर्म-अप झाला की एक शब्दही न बोलता प्रत्येकीच्या पहिल्या दहा सर्व्हिस मोजा. चेहराही दिसू देऊ नका, नेटच्या खांबामागे उभे राहा. जो आकडा येईल तो वहीत लिहा आणि दर शनिवारी अशीच मूक परीक्षा घ्या. यापुढे सरावातल्या आकड्याने खूश व्हायचं नाही की नाराज व्हायचं नाही, शनिवारचा आकडा बघायचा.

आता बोलायचं काय, त्याकडे येऊ. बाहेरून देता येणारी माहिती दोन प्रकारची. एक निकालाची: बॉल कुठे गेला. दुसरी हालचालीची: शरीराने काय केलं. ‘नेटमध्ये गेली’ हे तुम्ही ओरडून सांगता तेव्हा ती निकालाची माहिती असते आणि ती मुलीच्या डोळ्यांसमोर आधीच घडलेली असते. असं सांगणं म्हणजे पावसात उभ्या माणसाला पाऊस पडतोय म्हणून सांगणं. निकाल तेव्हाच सांगावा जेव्हा तो तिला तिच्या जागेवरून दिसत नाही. सर्व्हिस करणारी एंड लाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) मागे, म्हणजे नेटपासून ९ मीटरहून जास्त लांब असते. बॉल नेटच्या २० सेंमी वरून गेला की ७० सेंमी वरून, हे तिथून नीट कळत नाही. आणि फ्लोट सर्व्हिसचा सगळा खेळ त्या उंचीत आहे. फार वरून गेलेली सर्व्हिस समोरची मुलगी आरामात उचलते, फार खालून मारायला जावं तर नेट.

त्यासाठी साधी सोय करा. अँटेना, म्हणजे नेटच्या दोन्ही कडांना लावलेली उभी काठी, नेटच्या वर ८० सेंमी असतो आणि त्यावर १०-१० सेंमीचे लाल-पांढरे पट्टे असतात, म्हणजे मोजपट्टी तयारच आहे. अँटेना नसेल तर दोन बांबूंवर १० सेंमीवर रंगाच्या खुणा करून ते नेटच्या खांबांना बांधा. दोन्ही टोकांना सुतळी बांधून नेटला समांतर ओढून घ्या आणि सुतळीवर जुन्या कापडाच्या चिंध्या लटकवा, म्हणजे ती लांबून दिसेल. नेटची वरची पट्टी आणि सुतळी यांच्यामध्ये ८० सेंमीची खिडकी तयार झाली. आता जोड्या लावा. एक सर्व्हिस करेल, दुसरी खांबाजवळ उभी राहून बॉल कितव्या पट्ट्यावरून गेला ते बघेल. सर्व्हिस करणारीने आधी आपला अंदाज सांगायचा: ‘तीन’. मग जोडीदारणीने खरा आकडा सांगायचा: ‘सहा’. बस. ‘अगं वरून गेली, हात वाकडा होता’ असलं काही नाही, फक्त आकडा. हा नियम कडक पाळा. नाहीतर दोन दिवसांत मैदानावर सहा नवे सर तयार होतील, तेही तुमच्याच वाक्यांत बोलणारे.

आधी अंदाज आणि मग आकडा, हा क्रम या साऱ्या उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. पहिल्या दिवशी अंदाज चार-चार पट्ट्यांनी चुकतील, मुली हसतील. आठ-दहा दिवसांत अंदाज आणि आकडा जवळ यायला लागले की समजा, मुलगी बॉलकडे बघायला लागली. बॉल आत जाण्याच्या आधी हे घडतं, म्हणून सर्व्हिसचा आकडा अजून वाढला नसला तरी धीर सोडू नका.

सुतळीची खिडकी आणखी एक काम करते: तुम्ही कधी बोलायचं ते ठरवते. बॉल खिडकीतून जाऊन कोर्टात पडला तर तुम्ही गप्प. खिडकीबाहेर गेला तरच बोलायची मुभा. पण हे मुलींना आधी स्पष्ट सांगा: ‘मी गप्प असलो की सर्व्हिस बरोबर आहे असं समजायचं.’ न सांगता गप्प बसलात तर सर चिडले म्हणून मुली आणखी घाबरतील. दोन महिने अखंड बोलणारा माणूस अचानक मुका झाला की मुलंच काय, घरचेही घाबरतात. खिडकी किती मोठी ठेवायची? दहापैकी सहा-सात त्यातून जातील एवढी. सगळ्याच जायला लागल्या की सुतळी एक पट्टा खाली घ्या. तीन-चारच जात असतील तर फार अरुंद झाली, तुम्ही पुन्हा सारखे बोलायला लागाल. उंची जमली की जमिनीवर फक्की मारा: कोर्टाच्या ९ मीटर रुंदीचे तीन-तीन मीटरचे तीन भाग, आणि त्यांत एंड लाइनच्या आतले शेवटचे तीन मीटर, म्हणजे तीन चौकोन. मग खिडकी अधिक चौकोन. नेटला लागून पलीकडे गेलेली सर्व्हिस नियमाने चालते, तेव्हा तीही चूक धरू नका.

हालचालीबद्दल बोलताना तुमचा क्रम उलटा आहे. कोपर, मनगट आणि टॉस या तीन चुका तुम्ही वेगवेगळ्या मोजता. बहुतेक वेळा चूक एकच असते, टॉसची, आणि बाकीच्या दोन तिची पिल्लं असतात. टॉस डोक्याच्या मागे गेला की पाठ कमानीसारखी वाकते आणि बॉल आभाळात जातो. डोक्याच्या अगदी जवळ आला की हात सरळ करायला जागा राहत नाही, म्हणून कोपर वाकतं. फार पुढे गेला की बॉल खाली येईपर्यंत मुलगी त्याच्यामागे जाते, खांद्याच्या उंचीवर गाठते आणि तो नेटमध्ये जातो. टॉस बाजूला गेला तर हात आडवा फिरतो आणि बॉल साइड लाइनबाहेर. कोपराबद्दल शंभरदा सांगितलं तरी टॉस तिथेच असेल तर कोपर तिथेच वाकणार.

टॉसला तुमच्या तोंडाची गरजच नाही. उजव्या हाताने मारणाऱ्या मुलीला डावा पाय पुढे ठेवून उभं करा. पुढच्या पायाच्या एक वीत पुढे, उजव्या खांद्याच्या रेषेत, फक्कीने ताटलीएवढं वर्तुळ काढा. बॉल न फिरवता हातातून एक ते सव्वा हात वर सोडायचा आणि न मारता पडू द्यायचा. वर्तुळात पडला तर टॉस बरोबर. दहा टॉस, किती आत पडले ते तीच मोजेल. बॉलचा व्हॉल्व्ह स्वतःच्या बाजूला धरायला सांगा, म्हणजे बॉल फिरतोय का ते टॉसमध्येच दिसतं. रोज मारण्याआधी दहा टॉस, एवढं पुरे. आणि सामन्यात एकदा टॉस केला की तो परत घेता येत नाही, म्हणून शनिवारच्या परीक्षेतही बिघडलेला टॉस झेलून पुन्हा करायची सवलत देऊ नका.

शब्द कुठले वापरावेत, यावर एक प्रयोग तर थेट व्हॉलीबॉलच्या सर्व्हिसवरच झालाय. २००२ मध्ये गाब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवख्या आणि सरावलेल्या खेळाडूंना दोन प्रकारे सूचना दिल्या. एका गटाला शरीराबद्दल: मनगट, खांदा, वजन. दुसऱ्याला तीच गोष्ट, पण बॉल आणि लक्ष्य यांच्या भाषेत. दुसऱ्या गटाची अचूकता जास्त आली, शिकतानाही आणि नंतर काही न सांगता घेतलेल्या चाचणीतही. त्याच अभ्यासात फुटबॉलच्या उंच पासवर आणखी एक गोष्ट दिसली. शरीराबद्दलच्या सूचना प्रत्येक वेळी देण्यापेक्षा तीनांतून एकदा दिल्या तर बरं. बॉल-लक्ष्याच्या भाषेतल्या सूचना मात्र वारंवार दिल्या तरी नुकसान झालं नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: तोंड आवरत नसेल तर निदान बोलणं शरीरावरून काढून बॉलवर न्या.

‘मनगट घट्ट ठेव’ याऐवजी ‘बंद दारावर थाप मारतेस तशी थाप मार, हात तिथेच थांबू दे’. ‘हात सरळ कर’ याऐवजी ‘बॉल खाली यायच्या आत वरच गाठ’. ‘वजन पुढे टाक’ याऐवजी ‘मारून झाल्यावर रेषा ओलांडून कोर्टात ये’ (बॉल मारल्यानंतर कोर्टात पाय टेकलेला चालतो, आधी नाही). ‘मनगट फिरवू नकोस’ याऐवजी ‘व्हॉल्व्ह फिरताना दिसला नाही पाहिजे’. वाक्य लहान ठेवा, आणि एका वेळी एकच. ‘थोडं वर’ म्हणण्यापेक्षा ‘दोन पट्टे वर’ म्हणा. उलट बाजूने, ‘पंधरा अंशांनी’ असलं बोलू नका, कुणाच्याही हाताला अंश कळत नाहीत. आणि ‘कॉन्सन्ट्रेट!’ हा शब्द मैदानातून हद्दपार करा. तो ऐकून काय करायचं हे आजवर कुणाला कळलेलं नाही, फक्त खांदे ताठ होतात.

हालचाल चालू असताना बोलणं सगळ्यात वाईट. मुलीने टॉस केलाय आणि तुम्ही ‘वर, वर, आता!’ म्हणताय, की ती तुमच्या ‘आता’वर मारायला शिकते. दुसऱ्या शाळेच्या मैदानावर तो ‘आता’ कोण म्हणणार?

बोलणं कमी कसं करायचं याचा आराखडा असा ठेवा. दीड तासातली २० मिनिटं सर्व्हिसची. सहा बॉल, सहा जोड्या, प्रत्येकीला पाच-पाचचे सहा डाव म्हणजे ३० सर्व्हिस. पहिल्या आठवड्यात खिडकीबाहेर गेलेल्या बॉलवर बोला, पण मनात तीन मोजून आणि तिचा अंदाज ऐकून. दुसऱ्या आठवड्यात मध्ये काहीच नाही, पाचचा डाव संपला की एकदा: आधी तिला विचारा, ‘पाचांतली कोणती चांगली? का?’, मग तुमचं एक वाक्य. तिसऱ्या आठवड्यात दोन डावांनंतर एकदा. चौथ्यात तिने हात वर करून विचारलं तरच. विचारू द्यायचं हे तंत्र चांगलं आहे, पण त्यातून चमत्कार होईल असं धरू नका. सुरुवातीच्या अभ्यासांत त्याचा फायदा जितका मोठा वाटला होता तितका अलीकडच्या एकत्रित विश्लेषणांत दिसलेला नाही. आम्ही ते वेगळ्या कारणासाठी सुचवतो: १२ मुलींमध्ये कुणाला खरंच अडलंय ते तुम्हाला कळतं.

चौथ्या आठवड्यापासून ओळीने पाच सर्व्हिस बंद करा. सामन्यात मुलगी धावून, रॅली खेळून, रोटेशनने (जागा बदलत) मागे येते आणि एक सर्व्हिस मारते. म्हणून शिट्टी, नियमाप्रमाणे आठ सेकंदांच्या आत एकच सर्व्हिस, मग कोर्टात शिरून एक बॉल उचलणं, मग रांगेच्या शेवटी. गुणफलक चालू ठेवा: ‘२३-२३, सर्व्हिस तुझी.’ यात तुम्ही फक्त पंच.

कौतुकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण रडलेल्या मुलीसाठी सांगतो. २००७ च्या एका प्रयोगात सहा-सहा फेकींच्या प्रत्येक गटानंतर काहींना त्यांच्या तीन सर्वोत्तम फेकींचे निकाल सांगितले, काहींना तीन सर्वांत वाईट फेकींचे. चांगल्यांचे ऐकलेले नंतरच्या परीक्षेत पुढे गेले. तेव्हा डाव संपल्यावर चुकलेली सर्व्हिस उकरण्याऐवजी बसलेली निवडा आणि ती का बसली ते सांगा: ‘तिसरी बघ, टॉस वर्तुळावर होता, म्हणून वर गाठलीस.’ नुसतं ‘शाब्बास’ म्हणण्यात माहिती काही नसते. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वूडन यांचे १९७४-७५ च्या हंगामातले सराव रोलंड थार्प आणि रॉनल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी बसून मोजले. शिकवण्याच्या २,३२६ कृतींपैकी सुमारे तीन चतुर्थांशांत काय करायचं, कसं करायचं याची माहिती होती. निव्वळ शाबासकी सातेक टक्के आणि निव्वळ रागावणंही जवळपास तेवढंच. त्या हंगामातही त्यांचा संघ राष्ट्रीय विजेता होता.

मोबाईल बंद करू नका, फक्त आवरा. स्लो मोशनमध्ये नवख्या मुलीला स्वतःचे केस दिसतात, ड्रेस दिसतो, मागे हसणारी मैत्रीण दिसते. टॉस दिसत नाही. काय बघायचं ते आधी सांगावं लागतं. मोबाईल मारणाऱ्या हाताच्या बाजूला, सहा-सात पावलांवर, कंबरेच्या उंचीवर विटांवर ठेवा, दर वेळी त्याच जागी. एक प्रश्न विचारून दाखवा: ‘हात बॉलला लागतो तेव्हा बॉल कपाळाच्या पुढे आहे की वर?’ तिथे चित्र थांबवा आणि तिच्याकडून उत्तर घ्या. मग तिचीच एक बसलेली सर्व्हिस आणि एक चुकलेली, एकामागोमाग. रोज दोन मुली, दोन-दोन मिनिटं, म्हणजे आठवड्याच्या सहा दिवसांत बारा जणी होतात. पालकांना कल्पना द्या, बघून झालं की क्लिप पुसा. संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुकांचे व्हिडिओ अजिबात नकोत.

पहिल्या आठवड्यात सरावातला आकडा पडेल. आठाचे सहा होतील, कदाचित पाच. तुम्ही बोलून जे सावरत होता ते आता उघडं पडतंय, इतकंच. याच वेळी जीभ सर्वांत जास्त शिवशिवते. शिट्टी दातांत धरून ठेवा, उपाय बाळबोध आहे पण चालतो. मुख्याध्यापक मैदानावरून गेले आणि सर नुसते उभे दिसले तर प्रश्न येईल, म्हणून शनिवारची वही जवळ असू द्या.

हा मौनाचा नियम सगळ्यांना सारखा लावू नका. आठवीतून नुकतीच आलेली, ओव्हरहेड सर्व्हिस कधीच न मारलेली मुलगी असेल तर तिच्या हाताला जे कळतं त्याचा अर्थ तिला लागत नाही. तिला करून दाखवा, पहिले आठ-दहा दिवस जास्त बोला, नेटपासून सहा मीटरवरून मारू द्या. स्मॅशच्या पावलांचंही तसंच. अनेक हालचाली एकात गुंतलेल्या असतात, तिथे सुरुवातीला बोलणं लगेच तोडलं तर मुलगी चुकीचीच पावलं पक्की करते. आणि खांदा दुखतोय असं कुणी म्हणालं, किंवा न म्हणता हात झटकताना दिसली, तर तीन मोजणं नाही, पाचचा डाव नाही. लगेच थांबवा. त्या दिवशी तिला सर्व्हिस नाही, दुखणं राहिलं तर डॉक्टर.

सामन्यात तुमच्याकडे एका सेटमध्ये ३० सेकंदांचे दोन टाइम-आउट आहेत. मुली पाणी पिऊन गोळा होईपर्यंत त्यातले दहा-बारा गेलेले असतात. उरलेल्यात एकच वाक्य बसतं आणि ते बॉलबद्दलचं असू द्या, ‘त्यांची पाच नंबरची पुढे सरकून उभी आहे, तिच्या मागे टाका.’ शिट्टी झाल्यावर सर्व्हिस करणारीला हाक मारू नका, ते आठ सेकंद तिचे आहेत. तुम्ही वहीत लिहा: कोण, कितव्या गुणावर, बॉल कोणत्या पट्ट्यावरून, कुठे पडला. आणि त्या रडलेल्या मुलीला सोमवारी वही दाखवण्याआधी विचारा, ‘तुझ्या मते किती सर्व्हिस आत गेल्या?’